डोळे मिटले की

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज परत पडले! कपाशीत. फवारणीला पाणी घेऊन चालले होते, कळशी कंबरेवर. कपाशी यंदा कंबरेला लागलीय. खाली बघितलं तर पाय दिसत न्हाईत, नुसता पाला. आणि पाय दिसले न्हाईत की मला पाय नसतातच! चार-पाच पावलं बरी गेली. मंग डावा पाय कुठं टाकला तेच कळेना. धाप्पकन तोंडावर.

आत्याबाई धुऱ्यावर, बांधावर होत्या. सासूच ना ती — पहिला प्रश्न काय? "कळशी चेपली का गं?"

चेपली.

आमचे हे म्हणाले, "मोबाईल बघत चालली आसन." मोबाईल यांच्याच खिशात होता. बोलून काय उपयोग, भागवतरावांना बोलायला तोंड आहे, ऐकायला कान न्हाईत.

१६ ऑगस्ट, शनिवार

लाईट गेली. चुलीपासून मोरीपर्यंत भिंत धरून गेले. भिंत संपली तिथं खाली बसले. लाईट येईस्तोवर बसूनच राह्यले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कुणापाशी बोलता येत न्हाई म्हणून इथं लिहिते. बारावीपर्यंत शिकले त्याचा एवढाच उपयोग.

उन्हाळ्याच्या आधी सुरू झालं. आधी तळपायाला मुंग्या. मंग वाटायला लागलं, पायात कुणी जाड मोजे घातलेत आणि जमिनीवर गोधडी अंथरलीय. मंग मोजेही गेले, गोधडीही गेली. आता खाली काहीच न्हाई. परवा अर्धी गल्ली एकाच चपलेवर चालत गेले. शेजारची बेबीनंदा ओटीवरून ओरडली, "ओ वहिनी, दुसरी चप्पल काय देवाला वाहिली का?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. करते काय!

हाताचंही तसंच. वेणी घालायला हात पाठीमागं नेले की हरवतात. पुढं आणले की सापडतात. भाकरी थापता येते, कारण डोळ्यासमोर थापते. पण थापता थापता आत्याबाईंनी हाक मारली आणि मान वळवली की हात तिथंच थांबतो, नाहीतर परातीबाहेर जातो.

म्हणून चालताना खाली बघते. लुगडं वर खोचते, म्हणजे पाय दिसावेत. त्यावर आत्याबाईंचं — "पोटऱ्या दाखवत हिंडती गावभर. लाज न्हाई, शरम न्हाई." अहो, पोटऱ्या मी गावाला न्हाई, मला दाखवून राह्यले!

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बैल सजले, मी फुटले! सकाळी मोरीत तोंड धुवत होते. साबण लावला, डोळे मिटले, आणि सरळ पुढं. कपाळ हौदाच्या काठावर. आत्याबाई धावत आल्या. मला वाटलं मला उठवायला. "सणासुदीचं रगत सांडलं घरात!" म्हणून पाणी ओतायला लागल्या. माझ्यावर न्हाई, फरशीवर.

दुपारी सगळे मारुतीच्या पाराकडं बैल घेऊन गेले तेव्हा घरात एकटी होते. दाराची चौकट धरली आणि मुद्दाम डोळे मिटले. पहिल्यांदा काही न्हाई. मंग हळूच कुणीतरी घर तिरपं केलं. मी सरळ उभी आहे असं मला पक्कं वाटत होतं, आणि खांदा मात्र भिंतीला येऊन टेकला होता. डोळे उघडले, घर जागेवर. परत मिटले, परत तेच.

म्हणजे मी उभी राहते ती पायांवर न्हाई. डोळ्यांवर उभी राहते! हे कळलं आणि भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून बसले.

४ सप्टेंबर, गुरुवार

कपाळाची खोक कळल्यावर माझ्या भावानं फोनवर यांना असं काही झापलं की आज जालन्याला नेलं. मोटरसायकलवर मागं बसून. सगळा रस्ता यांचा शर्ट घट्ट धरून डोळे फाडून बघत होते. हे म्हणतात, "एवढं काय धरती, पळून चाललो का मी?"

डॉक्टरीणबाई तरण्या आहेत, पण माणसासारख्या बोलल्या. कॉटवर झोपवलं. म्हणाल्या, "डोळे मिटा. मी तुमच्या पायाचा अंगठा हलवते. वर केला की खाली, तेवढं सांगा." मी सांगत गेले. वर. खाली. वर. वर. आत्मविश्वास असा की शाळेत पाढे म्हणून राह्यले. डोळे उघडले तर हे पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होते. बराबर बघत होते. निम्म्याहून जास्त चुकली होती म्हणे.

मंग उभं केलं, पाय जोडून. डोळे मिटायला लावले. पडायच्या आत बाईंनी धरलं. त्यांना ठाऊक होतं मी पडणार! इतके महिने घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट येईस्तोवर बाहेर बसलो. आल्यावर बाईंनी विचारलं, "दूध, दही, अंडी, काय खाता?" मला हसूच आलं. लग्न होऊन आले त्याच वर्षी आत्याबाईंनी गळ्यात माळ घातली, म्हणजे अंडं-मटण गेलं. हे मात्र भोकरदनच्या ढाब्यावर सगळं खातात, त्यांच्या गळ्याला माळ टोचते. आणि दूध? घरात तीन म्हशी! सगळं दूध डेअरीला. उरलं तर यांच्या चहात, पाव्हण्यांच्या चहात. आम्हा दोघी सासू-सुनांचा चहा काळा. दही तर मी सणालाच बघते.

बाई म्हणाल्या, "बी-ट्वेल्व्ह संपलंय तुमचं. अंग कुठं आहे, पाय कुठं पडला, हे सांध्यांतून डोक्याला कळत असतं. सगळ्यांनाच, न बघता. तुमची ती खबर वाटेतच अडते. म्हणून डोळे दोघांची ड्यूटी करतायत." इंजेक्शनं लिहून दिली. आधी एक दिवसाआड, मंग आठवड्याला, मंग महिन्याला. नुसत्या दुधानं आता भागणार न्हाई म्हणाल्या, सुईच पाहिजे. यांनी विचारलं, "न्हाई घेतली तर?" बाई यांच्याकडं न बघता मला म्हणाल्या, "लवकर घेतलीत तर बरंच परत येईल. उशीर केलात तर जे गेलं ते गेलं. मग काठी, आणि मग खुर्ची."

म्हशी पाळणाऱ्या घरात दुधावाचून पाय गेले माझे! येताना सगळा रस्ता रडले. हेल्मेट यांच्या डोक्यात होतं, यांना ऐकू गेलं न्हाई.

६ सप्टेंबर, शनिवार

पहिली सुई, भोकरदनला. घरी येऊन पेलाभर दूध मागितलं. आत्याबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "मी चाळीस वर्षांत दुधाचा घोट घेतला न्हाई. पाच लेकरं काढली. मला काय झालं?"

दूध डेअरीला गेलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी अंगणात ओल होती. तळपायाला गार लागलं! उजव्याच, आणि जरासंच. पण लागलं. कुणाला सांगितलं न्हाई, दृष्ट लागंल माझीच मला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आज जे झालं ते लिहून ठेवते, रागानं.

संध्याकाळची आरती. गल्लीतल्या बायका आमच्याच घरी, घट मोठा म्हणून. मी भिंतीपाशी उभी होते, शहाणपणानं. आत्याबाईंनी ओढून पुढं आणलं, "घरची सून मागं उभी राहती का?" पुढं धरायला काही न्हाई. टाळ्या वाजवायच्या म्हणजे हातही मोकळे न्हाईत. आरती संपली, सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मी उघडे ठेवले होते. तर आत्याबाई कोपर मारून म्हणतात, "मीट!"

मिटले.

आधी डोलले म्हणे. मंग गोल फिरले. मंग घटाच्या पुढंच आडवी. केस सुटले, कुंकवाची वाटी अंगावर सांडली. आणि बेबीनंदा किंचाळली — "आली! आली! वहिनीच्या अंगात आली!"

मी उठून सांगते, अगं बाई, पडले मी, डोळे मिटले म्हणून पडले. तर सगळ्या माझ्या पायाशी. पायाशी! ज्या पायांचा मला पत्ता न्हाई त्यांच्यावर डोकी ठेवून राह्यल्या! आणि सगळ्यांत आधी कोण? आत्याबाई.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर समजावलं. डॉक्टरचा कागद काढून दाखवला. आत्याबाईंचं उत्तर तयार — "देवी कधी म्हणती का मीच देवी? ती आशीच लपती."

यांना म्हटलं, तुम्ही तर अंगठा बघितलाय ना स्वतःच्या डोळ्यांनी! यांनी टोपी काढून झटकली. मंग म्हणाले, "डाक्टरचं डाक्टरपाशी. पण आज सकाळी पारावर लोकांनी मला जागा करून दिली."

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज सुईचा दिवस. चप्पल घालून, पिशवी घेऊन ओटीवर बसले. आत्याबाईंनी पिशवी काढून घेतली. "देवीच्या अंगाला सुई टोचून पाप घेती का आमच्या माथी?" नवरात्र होऊ दे म्हणतात.

संध्याकाळी माझ्यापुढं पेलाभर दूध ठेवलं. नैवेद्य! साधनाला मिळालं न्हाई ते देवीला मिळालं. मी पेला ढकलून देणार होते. मंग एका दमात पिऊन टाकला. माझ्या म्हशीचं आहे, शेण मी काढते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

नवरात्र झालं. म्हटलं, चला आता भोकरदनला. हे म्हणाले, "मंगळवारी, शुक्रवारी लोक येऊन राह्यलेत. जल्दी काय? थोडं दमानं." लोक! कुणाची म्हैस गाभण राहत न्हाई, कुणाचं पोरगं भरतीत बसत न्हाई. मला उभं करतात, आरती म्हणतात, डोळे मिटायला लावतात. मी पडते. मंग विचारतात. मी म्हणते मला काही माहीत न्हाई. त्याचाही अर्थ काढतात.

गावात यांना आता "देवीचे मालक" म्हणतात. मालक! जनावराचा असतो तसा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उजव्या पायाचं गार लागणं गेलं.

आज पेला हातातून पडला. धरलाय असं वाटत होतं, बघितलं तर पेला खाली आणि बोटं तशीच वाकलेली. लिहितानासुद्धा आता पेनाकडं टक लावून बघावं लागतं. जरा दाराकडं बघितलं की अक्षर ओळ सोडून खाली उतरतं — हे बघा, हे असं.

चालताना पाय आपटत चालते. जोरात आपटला की आवाज येतो, आवाज आला की कळतं टेकला. बायका म्हणतात देवीची चाल. आग लागो त्या चालीला! मला एक्केचाळिसाव्या वर्षी खुर्चीत बसवून हे माझ्यापुढं नारळ फोडणार, आणि नारळाचं खोबरं घरोघर जाणार. रडूसुद्धा येत न्हाई आता. नुसता संताप येतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बोलले! आज देवी बोलली!

ठरवलं नव्हतं. ओटीवर गर्दी, आरती झाली, आत्याबाईंनी हात जोडून मला डोळे मिटायला सांगितलं. मी त्यांच्याकडं बघून डोळे मिटले आणि पडले. पडल्या पडल्या घशातून आवाज निघाला, माझाच, पण इतक्या वर्षांत मी कधी काढला न्हाई इतका मोठा. "माझ्या झाडाला कीड लागलीय! झाड वाळून राह्यलंय! जालन्याच्या डाक्टरणीची सुई द्या झाडाला. एक चुकवाल तर मी या घरात राहणार न्हाई!" देवी ज्याच्या अंगात येते त्याला झाडच म्हणतात, म्हणून तोच शब्द तोंडात आला.

मी एक डोळा किलकिला करून बघितलं. हे हात जोडून उभे, घामाघूम. आत्याबाई कानशिलावर बोटं मोडत "चुकलं माये, चुकलं माये" करत होत्या.

बायको म्हणून घट बसल्यापासून बोलून राह्यले. एक शब्द कानावर गेला न्हाई. आणि देवी एकदा ओरडली —

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सातलाच गाडी काढली यांनी. जालन्याला. मागं पोतं टाकून मऊ केलं होतं माझ्यासाठी. डॉक्टरीणबाई संतापल्या. "इंजेक्शनं मधेच का सोडली?" यांनी खाली मान घातली. मी काय सांगणार! म्हटलं, घरात देवीचं होतं. बाई म्हणाल्या, आता पहिल्यापासून सुरू. किती परत येईल ते सांगता येत न्हाई.

हे औषधांची पिशवी छातीशी धरून आले. लग्नात मला असं धरलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

सुई झाली. पेलाभर दूध झालं. दिवे लावले, पणतीवर बोट भाजलं आणि लगेच कळलं. हसले तर बेबीनंदा बघतच राह्यली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे जाग आली. अंगावर रजई, अंधार. डावा पाय वाकलेला आहे हे मला कळलं! बघितलं न्हाई, हात लावला न्हाई, तरी कळलं. मंग रजई उचलून खात्री केली. वाकलेलाच होता. माझा पाय! कितीतरी वेळ सरळ करत होते आणि वाकवत होते. हे घोरत होते.

२ डिसेंबर, मंगळवार

कापूस वेचायला गेले. पायाकडं न बघता अर्धा तास वेचलं, ओळीनं. डोळे बोंडावर, पाय आपले आपण पुढं. इतकी वर्षं हे असंच होत होतं आणि मला त्याची किंमत नव्हती.

मोरीत तोंड धुतलं. डोळे मिटले, मनात आकडे म्हटले. डोलले, पण उभी.

आरतीला मात्र पडले. मुद्दाम. गुडघा फुटला. न पडून सांगते कुणाला! उभी राह्यले तर देवी गेली म्हणतील. मंग सुई बंद, दूध बंद, आणि आत्याबाईंची कळशी परत सुरू. बरं होण्याची चोरी झालीय मला. आजारी होते तेव्हा खोटं म्हणत होते. आता खोटं करते तर पाया पडतात.

९ डिसेंबर, मंगळवार

पडले. या वेळी कोपर. आत्याबाई उचलायला वाकल्या आणि त्याच माझ्यावर आल्या. "उमर झाली बाई," म्हणाल्या. मंग सगळ्यांदेखत माझ्या पायाची माती कपाळाला लावली. मी पाय ओढून घेतला.

आता बस! इंजेक्शनं चार उरलीत, ती माझ्याकडंच आहेत. पुढच्या मंगळवारी उभी राहणार. देवी गेली म्हणोत न्हाईतर मेली म्हणोत. दूध मी स्वतः काढून स्वतः पिईन, बघू कोण हात धरतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

डोळे मिटले. उभी राह्यले. सरळ, कशालाही न धरता. आणि शेजारी धाप्पकन आवाज आला.

आत्याबाई.

"देवीनं झाड बदललं!" बेबीनंदानं माझ्या हातातलं हळदीकुंकू घेतलं आणि त्यांच्या कपाळाला फासलं. यांनी दुधाचा पेला माझ्यापुढून उचलून आईपुढं ठेवला. गर्दी त्यांच्या पायाशी. कुणीतरी म्हणालं, देवी जुन्या खोडाकडं गेली.

मी उठवायला वाकले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, तोंड कानाशी आणलं. डोळे असे भ्यालेले मी त्यांचे कधी बघितले न्हाईत. "साधना, माझे पाय कुठं हायेत गं?"

मला लगेच कळलं. या घरात दुसऱ्या कुणाला कळायचं न्हाई.

इंजेक्शनं कपाटात आहेत, माझ्या लुगड्यांखाली. मी कुणाला काही बोलले न्हाई.